खरबुजाचा इराणी फालुदा कडू झाला, काय चुकलं?

ताटवाटी:
मंडळी मदत करा. रविवारी भिशी माझ्याकडे आहे आणि मी तोऱ्यात सांगून बसलेय की यावेळी इराणी पद्धतीचं खरबुजाचं गारेगार गोड करणार, 'फालुदे तालेबी' म्हणतात ते. काल ट्रायल घेतली आणि पार वाट लागली. खरबूज मिक्सरला फिरवलं, कपभर दूध घातलं (फालुदा म्हटल्यावर दूध आलंच ना?), साखर, दोन मोठे चमचे गुलाबपाणी आणि फ्रीजमध्ये ठेवलं. दीड तासाने चाखलं तर कडवट, आणि वास असा की नवरा विचारतोय सत्यनारायण कुणाकडे आहे.

दुबईकर_मामा:
दूध कुणी सांगितलं तुला 😀 खरबूज दुधात ठेवलं की कडू होतंच, पपईचं होतं तसंच. माझ्या ऑफिसात एक तेहरानचा आहे, त्याच्या घरी उन्हाळाभर हे चालू असतं आणि त्यात दुधाचा थेंब नसतो, नुसतं फळ, साखर, गुलाबपाणी, बर्फ. मिक्सर पण नको. खरबूज आडवं कापायचं, बिया काढायच्या आणि स्टीलच्या चमच्याने गर खरवडत जायचं, लांबट चिंध्या पडल्या पाहिजेत, मिक्सरने त्याचा ज्यूस होतो. मध्यम खरबुजाला साखर दोन चमचे, तीही वाढायच्या आधी, कारण साखर लागली की पाणी सुटतं. गुलाबपाणी एक छोटा चमचा, बास. वर बर्फाचा चुरा. आणि रिकामी साल फेकू नको, त्यातच वाढायचं, साली आधी फ्रीजरला टाकून ठेव.

जुना_गिरगावकर:
दुधाचा घोळ होणारच हो ताई, आपल्याला फालुदा माहितीये तो मुंबईचा. आमच्या शेजारच्या पारशी आजी २१ मार्चला नवरोजला करायच्या, दूध, सबजा, शेवया, गुलाबाचं सरबत, आम्ही पोरं ग्लास घेऊन जिन्यात बसायचो. इराणात शिराझचा फालुदा म्हणजे पाकात गोठवलेल्या स्टार्चच्या बारीक शेवया आणि वरून लिंबू, त्यातही दूध नाही. शब्द मूळचा फारसी, पालूदा, म्हणजे गाळलेलं. आपला गुलाब पण तिकडचाच, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, म्हणजे मुळात गुलाब हे गुलाबपाण्याचंच नाव.

पोहेवाली:
पण हे खरंच प्राचीन आहे का? वाळवंटात बर्फ कुठून आणायचे?

जुना_गिरगावकर:
रेसिपी जशीच्या तशी प्राचीन आहे असं मी म्हणणार नाही, पण बर्फ होता. याझ्द, केरमानकडे 'यखचाल' असायचे, यख म्हणजे बर्फ आणि चाल म्हणजे खड्डा. हिवाळ्यात रात्री उथळ हौदात पाणी सोडायचं, उंच भिंतीच्या सावलीमुळे दिवसा ऊन लागायचं नाही, रात्री उघड्या आकाशाखाली पाणी गोठायचं, मग बर्फ फोडून मातीच्या जाड घुमटाखालच्या खड्ड्यात भरायचा, तो उन्हाळ्यात काढायचे. मेबोदला असा एक अजून उभा आहे. गंमत म्हणजे इराणी लोक आज घरातल्या फ्रीजलाही यखचालच म्हणतात.

पोहेवाली:
वा! बरं, आमच्याकडे मुलं खरबूज खात नाहीत, सफरचंद चालेल?

दुबईकर_मामा:
चालतं काय, तो वेगळा प्रकारच आहे, पालूदे सीब. सफरचंद किसून लगेच लिंबू पिळायचं नाहीतर काळं पडतं, बाकी साखर गुलाबपाणी बर्फ तेच. भिजवलेला सबजा पण छान लागतो.

ताटवाटी:
सगळ्यांना थँक्यू!! आज परत केलं, चमच्याने खरवडून, अगदी मस्त झालं. फक्त गुलाबपाणी नवीन आणावं लागलं. मामा तुम्ही एक छोटा चमचा म्हणालात म्हणून मापासाठी बाटली हातात घेतली, तर मागे बारीक अक्षरात 'फक्त बाह्य वापरासाठी'. ती चेहऱ्याला लावायची होती 🙈 आता सांगा, भिशीत आम्ही ११ जणी, खरबुजं किती आणू?

दुबईकर_मामा:
सहा आण. अर्ध्या अर्ध्या बारा वाट्या होतील, बारावी सत्यनारायणवाल्याला.