बर्फावरची पोअर ओव्हर कॉफी: तुमची पाणचट व्हायची कधी थांबली?

मंडळी, घरी हाताने आइस्ड पोअर ओव्हर (म्हणजे फिल्टर पेपरातल्या पुडीवर गरम पाणी ओतून कॉफी थेट खालच्या बर्फावर गाळणं) करणाऱ्यांनी आपापले प्रयोग आणि फजित्या इथे लिहा. सुरुवात मी करतो. पहिले दोन महिने मी नेहमीसारखी गरम कॉफी गाळून वरून बर्फ टाकायचो आणि पाणचट झाली की दाण्यांना शिव्या घालायचो. मग कधीतरी डोक्यात शिरलं की बर्फ म्हणजे पाणीच, तोही हिशोबात धरायचा. आता 20 ग्रॅम पूड, 180 ग्रॅम गरम पाणी आणि खाली भांड्यात 120 ग्रॅम बर्फ. गरम पाणी कमी असतं म्हणून पूड जरा बारीक दळतो, नाहीतर आंबटढाण होते. आधी 40-50 ग्रॅम पाणी ओतून पाऊण मिनिट थांबतो, पूड ताजी असेल तर मस्त फुगते, शिळी असेल तर ढिम्म बसून राहते.

* * *

फिल्टर पेपर आधी गरम पाण्याने धुतात ना, कागदाचा वास जायला, तर मी शहाणीने आधी बर्फ मोजून भांड्यात घातला आणि मग वर पेपर धुतला. निम्मा बर्फ तिथेच खलास, वर ते धुवणही आतच. आता क्रम पाठ झालाय, पण माझा वजनकाटा मिनिटभर हात लागला नाही की आपोआप बंद होऊन झोपतो, तेही मी किटली उचलायला वळले की बरोब्बर तेव्हाच.

* * *

सगळा बर्फ वितळला की आपलं काहीतरी चुकलं असं मला वाटायचं. तसं नाहीये. एक ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढ्यात एक ग्रॅम पाणी 80 अंशांनी गार होतं, त्यामुळे या मापात तो जवळपास संपणारच आणि संपायलाच हवा. प्यायच्या ग्लासात वेगळे दोन खडे घ्या.

* * *

उकळत्या पाण्याने विसळलेल्या काचेच्या भांड्यात लगेच बर्फ टाकू नका एवढंच सांगतो. टिक्क असा बारीक आवाज आला, मी दुर्लक्ष केलं, आणि अर्धी कॉफी गाळून झाल्यावर तळ सुटला. सकाळी सव्वासहाला ओट्याखाली काचा वेचत होतो. आता स्टीलचा जग.

* * *

माझ्याकडे बारीक चोचीची किटली नाही, काटाही नाही. पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडते, चोथ्यात खड्डा पडत नाही. बर्फाच्या ट्रेचा एक खडा एकदाच शेजारणीकडे जाऊन मोजून आणला, 15 ग्रॅम. म्हणजे आठ खडे टाकले की झालं :) पाण्याच्या कपावर पेनाने रेघ मारून ठेवलीये.

* * *

एवढा खटाटोप कशाला? रात्री पूड गार पाण्यात भिजत घाला, 14 तासांनी गाळा, कोल्ड ब्रू तयार. मला तरी तेच बरं वाटतं.

* * *

वरच्यांना: बरं आहेच, पण चव वेगळी. गार पाण्यात आंबटपणा कमी उतरतो, कॉफी गोलमटोल लागते. गरम पाणी जो वास काढतं आणि बर्फ तो जागच्या जागी धरून ठेवतो, तो मला भिजवलेल्यात कधी मिळाला नाही. अर्थात हे हलक्या भाजणीचं झालं, काळीकुट्ट भाजलेली पूड बर्फावर गाळली की मला राख प्यायल्यासारखं वाटतं.

* * *

माप, दळण सगळं जमूनही माझ्या कॉफीला कसलासा कुबट वास यायचा. पेपर बदलले, दाणे बदलले. शेवटी नुसता एक खडा तोंडात टाकला तेव्हा कळलं, फ्रीजरमधल्या सगळ्या पिशव्यांचा इतिहास त्यात उतरला होता. आज झाकणाच्या डब्यात बर्फ लावलाय, उद्या करून सांगते.