‘अधिशोषण’मधला ‘अधि’ कोणता?

प्रश्न (परभणी): अकरावीच्या एका विद्यार्थिनीच्या वहीत ‘नायट्रोजन लोखंडात शोषला जातो आणि अमोनिया तयार होतो’ असे वाक्य आढळले. मी ‘शोषला जातो’ खोडून ‘अधिशोषला जातो’ असे लिहिले, तेव्हा तिने विचारले, ‘म्हणजे जास्त शोषला जातो का, सर?’ मला चटकन उत्तर सुचले नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

उत्तर (नांदेड): येथे ‘अधि’चा अर्थ ‘वर’ असा आहे, जसा तो ‘अधिष्ठान’ या शब्दात आहे, मुलीचा घोटाळा ‘अधिक’मुळे झाला असावा. काळ्या रानात पाऊस मुरतो ते शोषण. वायूचे रेणू घन पदार्थाच्या केवळ पृष्ठभागावर धरले जातात ते अधिशोषण. त्यामुळे आपण खोडायला हवा होता तो शब्द ‘लोखंडात’ हा होता. तेथे ‘लोखंडावर’ हवे.

अर्थात, नुसते धरून भागत नाही. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो आणि तो तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. लोखंडावर टेकलेला रेणू पृष्ठभागावरच्या अणूंशी बंध जोडत जातो, तसा त्याचा आतला बंध सैल होऊन अखेर तुटतो, आणि हीच सगळ्यांत संथ, म्हणजे एकूण वेग ठरवणारी पायरी आहे. पुढे सुट्या नायट्रोजन अणूला एकामागून एक तीन हायड्रोजन अणू जोडले जातात. पायऱ्यांचा हा क्रम गेरहार्ड एर्टल यांनी पृष्ठभागावरील प्रयोगांतून उलगडला. त्यांना 2007 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लोखंडाच्या स्फटिकाचे सगळे पैलू सारखे कामाचे नसतात, हेही सांगण्याजोगे आहे: ज्या पैलूवर अणू विरळ असून खालच्या थरांतले अणूही उघडे पडतात, तो दाट, सपाट पैलूपेक्षा कितीतरी पटींनी क्रियाशील असतो.

तयार झालेला अमोनिया पृष्ठभाग सोडतो, त्याला ‘विशोषण’ म्हणतात. वर्गात मी ‘सुटणे’ म्हणतो, कारण तवा तापला की भाकरी सुटते हे आपल्याकडच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर (लातूर): ‘उत्प्रेरक’ म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, येथे लोखंड; त्या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. उत्प्रेरक क्रियेत भाग घेत नाही, असे सर्रास लिहिले जाते. वरचे वर्णन वाचल्यावर ते टिकत नाही. लोखंड भाग घेते, बंध जोडते, सोडते आणि शेवटी पुन्हा लोखंडच उरते. विरजणाची उपमा मला म्हणूनच पटत नाही, कारण विरजण दह्यातच वाढते आणि वेगळे काढता येत नाही. अमोनियाच्या कारखान्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजापासून केलेल्या लोखंडात थोडे पोटॅशियम आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) असतात: पोटॅशियममुळे नायट्रोजनवरची पकड घट्ट होते, तर ॲल्युमिनामुळे लोखंडाचे बारीक कण साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत एकमेकांत मिसळून पृष्ठभाग घटत नाही. या दोघांना मी ‘वर्धक’ म्हणतो. ‘सहायक उत्प्रेरक’ म्हटले की ते स्वतंत्रपणे काम करतात असा समज होतो.

परभणी: आभारी आहे. वहीतले ‘लोखंडात’ उद्याच दुरुस्त करतो. मुलीचा पुढचा प्रश्नही मला दिसतोच आहे: अमोनियापासून केलेल्या युरियाच्या गोणीत हे लोखंड येते का? येत नाही, ते कारखान्यातल्या भट्टीतच राहते.