प्रतिसाद: चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वाचनालयातील पुस्तके

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी वाचनालयातून काय न्यावे, या प्रश्नावर आधीच्या एका प्रतिसादात 'श्यामची आई' सुचवले आहे. त्याचे लेखक साने गुरुजी यांचे गाव पालगड आपल्या दापोली तालुक्यातलेच असल्याने ही आपुलकी समजण्यासारखी आहे. तथापि त्यातील गरिबी, अपमान आणि आईचा मृत्यू पेलायला मूल किमान आठ-नऊ वर्षांचे असावे, असे मला वाटते. त्या वयात मात्र 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशा प्रकरणांमुळे रोज एक भाग मोठ्याने वाचून दाखवणे सोपे जाते.

त्याहून लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच आधी मागावा. मजकूर थोडा, चित्रेही लेखिकेचीच, आणि घरातली माणसे ओळखीची असल्यामुळे मूल स्वतःच पाने उलटून गोष्ट सांगू लागते. विंदा करंदीकरांच्या बालकविता वाचण्यापेक्षा म्हणण्यासाठी अधिक चांगल्या. यमकांची गंमत कानालाच कळते.

मोठ्यांसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' या कादंबरीला सतत मागणी असते, त्यामुळे ती मिळेपर्यंत त्यांचेच 'रथचक्र' न्यावे. मुलांच्या शिक्षणासाठी एकाकी झगडणाऱ्या स्त्रीची ही कादंबरी मला अधिक कसदार वाटते, आणि १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कारही तिलाच मिळाला होता. हलके काही हवे असल्यास जयवंत दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' आहेच.

पावसाळ्यात मात्र पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच न्यावीत. दमट हवेत चित्रांची गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात.