सोसायटीच्या लॉनवरची औषधं बंद करायची का? (पवई)

तळ्याकाठची
आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये रविवारी हा विषय घेतेय, त्याआधी इथे मतं हवीत. पोडियमवर मोठं लॉन आहे, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी युरिया, अधूनमधून कीटकनाशक, आणि जूनच्या तोंडावर लव्हाळा माजू नये म्हणून तणनाशक. मागच्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसात खाली पार्किंगला उभी होते तेव्हा पाहिलं, लॉनच्या कडेच्या पेव्हर ब्लॉकवर युरियाचे पांढरे दाणे तसेच पडलेले, आदल्या दिवशीच टाकलेले, आणि दहा मिनिटांत ते सगळं पाणी फेसाळत जाळीतून खाली गेलं, औषधाचा वास येत होता त्याला. मुंबईत पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी आणि ड्रेनेजची वेगळी, म्हणजे ते पाणी कुठल्याही प्रक्रिया केंद्रात जात नाही, आमच्याकडचं तर उतारावरून थेट पवई तलावाच्या बाजूला. तलाव भरला की तेच पाणी मिठी नदीत आणि पुढे माहीमच्या खाडीत.

कॅनडात क्वेबेकमध्ये हडसन नावाचं जेमतेम 5 हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या एक त्वचारोगतज्ज्ञ, डॉ. जून अर्विन, वर्षानुवर्षं गावच्या सभेला जाऊन हाच विषय लावून धरत होत्या, शेवटी 1991 मध्ये गावाने निव्वळ शोभेसाठी अंगणात, लॉनवर औषधं मारायला बंदी घातली. लॉनची कामं घेणाऱ्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या, आणि 2001 ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला. एवढ्याशा गावाला जमलं, मग आपल्याला एक ठराव का जमू नये असं मला मनापासून वाटतं.

हिशेबी_मालाड
भावना समजली पण प्रमाण बघा ना ताई. पवई तलावात इतकी वर्षं सांडपाणी येतंय, जलपर्णी त्याच्यावर पोसली जातेय, मिठीत कारखाने, गोठे, भंगारवाल्यांचं तेल सगळं जातं. त्यात तुमच्या लॉनचा युरिया म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. ज्याने खरा फरक पडेल त्या सांडपाण्यासाठी वॉर्ड ऑफिसच्या मागे लागायचं सोडून लोकं सोप्या गोष्टीला हात घालतात आणि काहीतरी केल्याचं समाधान घेऊन घरी जातात, मग खरा प्रश्न तसाच. शिवाय हडसनचं उदाहरण इथे चालत नाही, त्यांनी कायदा केला, सोसायटीचा ठराव म्हणजे कायदा नव्हे, उद्या नवीन कमिटी आली की ठराव गुंडाळला.

तळ्याकाठची
सांडपाणी मोठं कारण आहे हे मान्यच आहे, पत्रं आम्ही तीन वेळा दिलीत. पण सांडपाण्याचा नाला माझ्या हातात नाही, युरियाची गोणी आहे, तिचं बिल आमच्याच मेंटेनन्समधून जातं. आणि हडसनला जास्त अवघड होतं, तिथे प्रत्येकाचं स्वतःचं अंगण, घरोघरी माणसं पटवायची. आपलं लॉन सामाईक, माळी एक, गोणी एक.

पाचवा_मजला
मी विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. फ्लॅट घेताना त्या हिरवळीचे पैसे मोजलेत. माझी आई 78 वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे बाहेर जाता येत नाही, सकाळी त्या गवतावर अनवाणी चालते तेवढंच तिचं फिरणं. औषध बंद केलं की दोन महिन्यांत लव्हाळा, मग गुडघाभर गवत, मग साप आला म्हणून व्हॉट्सअॅपवर बोंबाबोंब. उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोचा पावसाळा असतो आपल्याकडे, उंदीर वाढलेले चालतील का कुणाला?

तळ्याकाठची
काकूंचं चालणं बंद व्हावं असं कुणालाच वाटणार नाही. पण दादा, त्या अनवाणी चालतात म्हणूनच विचारते, फवारणी कोणत्या दिवशी होते हे तुम्हाला कधी कळवलंय का? आम्हाला कधीच नाही. गवत कापायचं नाही असं मी म्हणत नाहीये, कापायचंच, दर आठवड्याला.

शेतीवाला_ठाणे
कृषी पदवी घेतलीय, वीस वर्षं याच लाइनमध्ये आहे, म्हणून जरा मोठं लिहितो. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय. युरियात 46 टक्के नत्र असतं आणि तो पाण्यात लगेच विरघळतो, त्यामुळे पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया म्हणजे पैसे गटारात, हे खरं. लॉनला डीएपी खत टाकत असाल तर त्यातला स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटून बसतो, तो मातीबरोबर वाहतो, आणि गोड्या पाण्यात शेवाळं-जलपर्णी फोफावते ती बहुतेक या स्फुरदामुळे. ते कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन खातं, मग मासे मरतात. म्हणजे 'चिमूटभर मीठ' हा हिशेबही बरोबर नाही, तलावाला स्फुरद थोडासाच पुरतो.

पण ताई, 'केमिकल बंद, सेंद्रिय चालू' केलं की पाणी स्वच्छ होतं असंही नाही. शेणखतात, कंपोस्टमध्येही स्फुरद असतो, जूनमध्ये उघड्यावर ढीगभर पसरलं तर तेही वाहून तलावातच जाणार. खत कुठलंही असो, जून ते सप्टेंबर टाकू नका, ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर हलक्या हाताने द्या. सरसकट बंदीपेक्षा हे वेळापत्रक जास्त उपयोगाचं, असं माझं मत. तणनाशकाचं वेगळं, ग्लायफोसेट हे तणनाशक पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कुणी मारायचं नाही असा केंद्राचा आदेश 2022 ला निघाला होता. तुमच्याकडे माळी कुठली बाटली वापरतो ते आधी बघा.

तळ्याकाठची
बघितली. आत्ता खाली जाऊनच आले. पंप रूममध्ये, पाण्याच्या टाकीच्या झडपेपासून चार हातावर, लेबल अर्धं निघालेलं, पिवळा त्रिकोण दिसतोय. म्हणजे लालच्या खालोखाल विषारी ना? झाकणाऐवजी पिशवी गुंडाळून रबरबँड लावलाय. माळीकाका एका डब्याने मोजतात आणि पाठीवरच्या पंपात ओततात, हातात काही नाही, तोंडाला गमछा. त्यांना विचारलं तर म्हणाले हाताला खाज येते, संध्याकाळी खोबरेल तेल लावतो. मला खूप वाईट वाटलं, दोन वर्षं त्यांच्या समोरून जातेय मी. 2017 ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो, आणि इथे आपल्याच खिडकीखाली तेच चाललंय.

शेतीवाला_ठाणे
हो, पिवळा म्हणजे दुसऱ्या नंबरचा. ती बाटली आजच तिथून हलवा आणि कुलपात ठेवा, एजीएमची वाट बघू नका. ओतून मात्र देऊ नका कुठेही.

मुलुंडची_आई
आम्ही तीन वर्षांपूर्वी बंद केलं, अनुभव सांगते, गोड करून नाही सांगत. पहिला पावसाळा वाईट गेला. लव्हाळा आलाच, त्याच्या जमिनीखाली गाठी असतात, वरून उपटला की परत येतो, माळ्याला खुरपं देऊन गाठीसकट काढायला लावलं, त्यासाठी जूनपासून आठवड्यातले दोन दिवस जास्तीचा माणूस ठेवला, ते पैसे लागले. लोकं चिडली, एका मीटिंगमध्ये मला रडू यायचं बाकी होतं. मग गवत फार बुडापासून कापणं थांबवलं, तीन-चार बोटं उंच ठेवायला लागलो, त्याने तणाला ऊन कमी मिळतं. ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच होतं, ते चाळून दिवाळीनंतर पातळसं टाकतो. आंब्याखाली लॉन कधी नीट आलंच नव्हतं, तिथे नाद सोडला आणि सावलीतली झाडं लावली. आज लॉन फोटोतल्यासारखं नाहीये, मध्ये मध्ये पिवळं आहे. पण गांडुळं परत आलीत, पाऊस पडला की पेव्हरवर येतात, माझा मुलगा उचलून परत मातीत ठेवतो.

हिशेबी_मालाड
जास्तीच्या माणसाचा खर्च महिन्याला किती आणि औषधांचा किती वाचला, हे दोन आकडे सांगा ना. सगळ्या एजीएमला शेवटी तेच विचारतात.

मुलुंडची_आई
आकडे खजिनदारांकडे आहेत, मागून घेते. औषधाच्या बिलापेक्षा माणसाचा खर्च जास्त झाला पहिल्या वर्षी, हे नक्की. दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आला कारण गाठी कमी झाल्या.

पाचवा_मजला
म्हणजे खर्च वाढला आणि लॉन पिवळं झालं. हेच मी म्हणत होतो.

तळ्याकाठची
हो, आणि हे मी रविवारी लपवणार नाही, दोन्ही सांगेन. शेतीवाल्या दादांचं वाचून ठराव बदललाय. जून ते सप्टेंबर कुठलंही खत नाही. तणनाशक आणि कीटकनाशक लॉनवर कायमचं बंद. वाळवीसाठी गरज पडली तर परवाना असलेला माणूस, आणि दोन दिवस आधी लिफ्टमध्ये नोटीस. खुरपणीला जास्तीचा माणूस चार महिने. माळीकाकांची त्वचेच्या डॉक्टरांकडे तपासणी, सोसायटीच्या खर्चाने.

पाचवा_मजला
पहिल्या दोनला आणि जास्तीच्या माणसाला माझा विरोध कायम आहे, रविवारी तसं मत देईन. नोटिशीला आणि माळ्याच्या तपासणीला हो. ती बाटली आत्ता कुठे ठेवलीय तेवढं सांगा, आई उद्या सकाळी खाली जाणार आहे.

तळ्याकाठची
सिक्युरिटी केबिनच्या लोखंडी कपाटात, किल्ली सेक्रेटरींकडे. शेवटची फवारणी गेल्या मंगळवारी झाली असं काका म्हणाले. उद्या काकूंना चप्पल घालून पाठवा.