पोरं व्यसनाला लागतात ती दिनक्रमामुळे की टपरीमुळे?

जुना_कबड्डीपटू: आमच्या सोसायटीत अकरावीतल्या दोघांकडे गांजा सापडला. 'संगत वाईट' म्हणून सगळे मोकळे झाले. मला दोष त्यांच्या दिवसातच दिसतो. कॉलेजात नाव हजेरीपुरतं, दुपारपर्यंत क्लास, मग घरी कुणी नाही, हातात यूपीआय, रात्री दोनपर्यंत मोबाइल. खेळ दहावीला बंद केला तो कायमचा. आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी दारू पिऊन झिंगायची, २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी पोरांच्या संध्याकाळी खेळ-संगीताने भरल्या. आपण क्लासने भरतो.

तिखटमीठ: असहमत. काका, ही टू-बीएचकेतली चर्चा झाली. स्टेशनवर रुमालात सोल्युशन घेऊन हुंगणाऱ्या पोराकडे ना क्लास, ना यूपीआय. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल बघा: हुंगायची नशा हा एकच प्रकार असा, ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. का? स्वस्त, पंक्चरवाल्याकडे मिळतं आणि भूक मरते. त्याचा दिनक्रम कोण सुधारणार?

माणदेशी_सून: गावाकडचं कुणी बोलतच नाही. आमच्याकडे तिसरी-चौथीतली पोरगी आजीसाठी तव्यावर तंबाखूची मिश्री भाजते. तोच काळा हात एक दिवस स्वतःच्या दातांवर फिरतो. सासूबाईंना म्हटलं तर, "दात ठणकतात गं." गुटखा २०१२ पासून बंद, पण दुकानदार ओळख बघून आतून पुडी काढतो. आणि ती आणायला धाडतात कुणाला? पोरालाच.

जुना_कबड्डीपटू: ताई, पटतंय. पण मिश्री आणि एमडीसारखं ड्रग एका पंगतीत नको.

समुपदेशक_बाई: एका पंगतीत नसले तरी दार बऱ्याचदा एकच असतं. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं तंबाखूपासून सुरू झालेली. गांजाही पुष्कळदा सिगारेटमधली तंबाखू काढून, त्यात मिसळूनच भरला जातो. तंबाखू खाणारा प्रत्येक जण पुढे जातो असं मुळीच नाही, हे पालकांना घाबरवण्याआधी सांगायला हवं. झोपेबद्दल मात्र काकांशी सहमत. रात्रभर जागलेलं, चिडचिडं पोर 'एकदाच' ला लवकर हो म्हणतं.

आइसलंडचं अर्धंच सांगितलंत. तिथे तंबाखूला १८ आणि दारूला २० वर्षांची अट कडक पाळायला लावली, १३ ते १६ च्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा कायदा केला, आणि राजधानीत मुलांच्या छंदवर्गांना पालिका पैसे देते. नुसत्या फुटबॉलने काही झालं नसतं.

तिखटमीठ: हेच! आपल्याकडे २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आहे. अठराच्या आतल्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत टपरी नाही. मोडला तर दंड किती? २०० रुपयांपर्यंत. चार गिऱ्हाइकांत वसूल. पोरांच्या जीवनशैलीवर भाषण देणं फुकट पडतं, टपरी हटवायला कुणाशी तरी वाकडं घ्यावं लागतं. म्हणून आपण भाषण देतो.

बॅकबेंचर_१७: सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. काका, खेळ खेळ करताय, पण मी पहिला सुट्टा मॅच जिंकल्यावर मारला. सीनियर्सनी दिला. ग्राउंडच्या गेटवरच टपरी आहे. उलट क्लासमध्ये कुणाला वेळ नसतो, तिथे फक्त रँकचं टेन्शन. रँक रात्री अकराला ग्रुपवर येते आणि मग सांगता, मोबाइल बंद कर.

जुना_कबड्डीपटू: मग तुमचे कोच काय करतात?

बॅकबेंचर_१७: ते त्याच टपरीवर चहा पितात. उधारी असते त्यांची.

जुना_कबड्डीपटू: बरं. टपरीचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं सोडत नाही. टपरी हटली तरी माल आता मोबाइलवर मागवता येतो. पोराला रोज संध्याकाळी विचारणारं कुणी नसेल तर कायदा काय कामाचा?

माणदेशी_सून: विचारणाऱ्याच्याच तोंडात तंबाखूचा बार असला तर पोर काय उत्तर देणार, काका?

तिखटमीठ: ग्राउंड कुठलं ते मला मेसेज कर रे. वॉर्ड ऑफिसात अर्ज मी देते. काका, सही कराल?

जुना_कबड्डीपटू: करतो. पण कोचशी मी आधी बोलणार.