बिघडलेले उपकरण कर्नेलने (संगणक प्रणालीच्या गाभ्याने) सावरावे की सोडून द्यावे?

रामबागकर (इंदूर):
पोलोग्राउंडजवळच्या आमच्या कार्यशाळेतील लिनक्स यंत्र गेल्या पावसाळ्यात भर कामात गोठले. नेटवर्क कार्ड पीसीआय एक्सप्रेस बसवरून (कार्डे संगणकाला जोडणाऱ्या वाहिनीवरून) निखळले होते. अशा वेळी कोणतेही रजिस्टर (कार्डातील माहितीचा छोटा कप्पा) वाचले तरी बत्तीसच्या बत्तीस बिट १ येतात, आणि आमचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) तर ‘कामात आहे’ हा बिट ० होण्याची वाट पाहत बसला होता! तो कधीच ० होणार नव्हता. माझे ठाम मत असे की प्रत्येक प्रतीक्षेला मुदत हवी, आणि ज्या रजिस्टरात सगळे १ येणे शक्यच नाही ते वाचून तिथेही सगळे १ आल्याची खात्री पटली की ड्रायव्हरने कर्नेलच्या वरच्या थराला त्रुटी कळवून उपकरण बंद करावे. सावरण्यासाठी रीसेट केले (कार्ड सुरुवातीच्या स्थितीत आणले), तर कार्डाची पाटी कोरी होते, पण कर्नेल मात्र जुनी मांडणी (सेटिंग्ज) शाबूत आहे असे धरून चालते. मला त्याचीच अधिक भीती वाटते.

तुकोगंजकर:
मुदतीबद्दल दुमत नाही, माघारीबद्दल आहे. लिनक्समध्ये स्कझी (डिस्क जोडण्याची एक पद्धत) डिस्कची आज्ञा ३० सेकंदांत पुरी झाली नाही, तर आधी ती आज्ञा रद्द करून पाहतात, मग उपकरण, मग बस आणि शेवटी डिस्क जोडणारे अख्खे ॲडॅप्टर रीसेट करतात, आणि तेही फसले तरच डिस्क बाद ठरते. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स कार्ड २ सेकंद अडकले की ते रीसेट होते. तसे नसते तर अडकलेल्या एका चित्रापायी माणसाचे उघडे असलेले सगळे काम बुडाले असते. मध्यरात्री सर्व्हरजवळ कोणीही नसते, हेही आपण ध्यानात घ्यावे.

रामबागकर:
याच पायऱ्यांनी आमची चांगली डिस्क रेडमधून (अनेक डिस्कांच्या एकत्र संचातून) बाहेर पडली. एक खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा भाग) वाचण्यासाठी ती स्वतःच ३० सेकंदांहून अधिक काळ झटत होती, आणि कर्नेलने तिला मेलेली समजून रीसेट केले.

सुदामानगरकर:
रामबागकर, हा दोष मुदतीच्या मेळाचा आहे, सावरण्याचा नव्हे. डिस्कला सोय असेल तर तिची स्वतःची मर्यादा ७ सेकंदांवर आणावी, नसेल तर कर्नेलची मुदत १८० सेकंद करावी. खरी उणीव वेगळीच आहे. ‘त्रुटी आढळली’, ‘स्लॉट रीसेट झाला’, ‘पुन्हा सुरू करा’ ही सावरण्याची कार्ये (फंक्शन्स) ड्रायव्हरमध्ये लिहिलेली असतात, पण ती चालवून कोण पाहतो? कर्नेलमध्ये मुद्दाम त्रुटी घुसवण्याची साधने आहेत. ती वापरल्याविना असा ड्रायव्हर स्वीकारूच नये.

रामबागकर:
हे मला मान्य आहे. तपासलेला एक रीसेट अवश्य करावा, आणि तो कार्डाची सगळी मांडणी नव्याने भरणारा असावा. तेच कार्ड तासाभरात पुन्हा निखळले, तर मात्र त्याला हात न लावता बंद करावे. तिथे मी मागे हटणार नाही.