७२ पीसींवरचं नको असलेलं सॉफ्टवेअर एकदम कसं काढायचं?

लॅब_सोलापूर:

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी लॅब असिस्टंट आहे. तीन लॅब मिळून ७२ पीसी, सगळ्यांवर विंडोज १० प्रो, सगळे एकाच डोमेनमध्ये (एका सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यात), सर्व्हर २०१६चा. पीसी तीन वेगवेगळ्या वर्षी तीन पुरवठादारांकडून आलेत, त्यामुळे प्रत्येक लॅबमधला कचरा वेगळा. मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस, ब्राउझरचे टूलबार, जुना फ्लॅश प्लेअर, जावा ६ आणि जावा ७ची चार-चार अपडेट्स शेजारी शेजारी, शिवाय सॉलिटेअर, एक्सबॉक्स, कँडी क्रश.

परवा दहा पीसी हाताने साफ केले. एकाला साधारण २० मिनिटं लागली. ७२ पीसी म्हणजे सलग २४ तास, आणि विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरलेत. त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. त्याच दहा पीसींवर दुसऱ्या दिवशी नवीन विद्यार्थ्याने लॉगिन केलं आणि सगळे गेम स्टार्ट मेनूत परत हजर. मी माझ्या ॲडमिन खात्यातून ते नीट काढले होते.

दोन प्रश्न आहेत. गेम परत का येतात? आणि ७२ पीसींवरून हे सगळं माझ्या जागेवर बसून कसं काढता येईल? नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यायला मंजुरी मिळणार नाही.

कमांड_लाइन:

एवढं अवघड नाही. सिसइंटर्नल्सचं पीएसएक्झेक (दुसऱ्या पीसीवर कमांड चालवणारं टूल) घ्या, पीसींच्या नावांची टेक्स्ट फाइल करा आणि डब्ल्यूएमआयसी (पीसीची माहिती विचारणारी विंडोजची कमांड) प्रॉडक्टला नाव देऊन अनइन्स्टॉल कॉल करा. एका ओळीत काम होतं. आधी डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट गेट नेम चालवून सगळ्या पीसींची यादी काढून घ्या.

शाखा_ते_शाखा:

दादा, कृपया ती यादीची कमांड ७२ पीसींवर चालवू नका. आधी हे वाचा.

मी एका सहकारी संस्थेच्या अकरा शाखांचे संगणक बघते. २०१४ साली मी हीच कमांड साधारण १३० पीसींवर चालवली होती. काढायचं काहीच नव्हतं, फक्त यादी हवी होती. वेळ सकाळी साडेनऊची, तारीख महिन्याची पहिली. पुढच्या काही मिनिटांत कॅश काउंटरच्या प्रोग्रॅमची डेटाबेसची जोडणी एकेका शाखेत तुटायला लागली. चाळीस मिनिटं काउंटर बंद होते आणि पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं रांगेत उभी होती. यादी मागितल्याने प्रोग्रॅम कसा बिघडला हे मला तेव्हा कळेचना. संध्याकाळी इव्हेंट लॉग उघडला तर ॲप्लिकेशनच्या नोंदींमध्ये एमएसआय-इन्स्टॉलरची (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेची) १०३५ क्रमांकाची, म्हणजे ‘सॉफ्टवेअर पुन्हा कॉन्फिगर केलं’ अशी नोंद ओळीने भरलेली.

कारण असं आहे. डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्टच्या मागे विन३२_प्रॉडक्ट नावाचा वर्ग असतो. त्याला यादी विचारली की तो पीसीवरचं एमएसआयने बसवलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर तपासतो आणि काही कमी-जास्त दिसलं तर दुरुस्तही करतो. आमच्या प्रोग्रॅमची हाताने बदललेली सेटिंग्ज त्याने मूळपदावर नेऊन ठेवली. शिवाय ही यादी अपुरीच असते, कारण एमएसआयने न बसवलेलं काही तिच्यात येत नाही. डब्ल्यूएमआयसी मायक्रोसॉफ्टनेही विंडोज १०च्या २१एच१पासून निवृत्तीच्या यादीत टाकलेलं आहे.

यादी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) काढा. एचकेएलएमखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रॅमची वेगळी यादी सॉफ्टवेअरखालच्या डब्ल्यूओडब्ल्यू६४३२नोडमध्ये असते. तुमचे टूलबार बहुतेक तिथेच सापडतील. या वाचनाने काहीही हलत नाही. पॉवरशेलच्या इन्व्होक-कमांडने ७२ पीसींवर एकदम वाचता येतं. ती एका वेळी ३२ पीसी धरते, एक मोकळा झाला की पुढचा घेते. त्यासाठी ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंग्जमधून) विनआरएम (दुरून कमांड घेणारी सेवा) चालू करा आणि फायरवॉलमध्ये ५९८५ हा पोर्ट फक्त तुमच्या पीसीसाठी उघडा. सगळ्यांसाठी उघडा ठेवू नका.

आता यादी हातात आली की लगेच काढायला बसू नका. ती छापा आणि प्राध्यापकांना दाखवा. मी हे कळकळीने सांगतेय. लॅबमध्ये डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम) दिसला तर बाहेरच्या माणसाला तो गेम खेळायचाच वाटेल, पण कितीतरी कॉलेजांत टर्बो सीची (जुन्या सी कंपायलरची) प्रॅक्टिकल त्याच्यावर चालतात. जावाचंही तसंच. ‘जावा’ने सुरू होणारं सगळं काढा असं स्क्रिप्टमध्ये लिहिलंत तर जुन्या रनटाइमबरोबर जावा एसई डेव्हलपमेंट किटही जाईल, आणि परीक्षेच्या दिवशी एकाही पीसीवर कंपायलर नसेल. ‘जावा ७ अपडेट’ अशी पूर्ण सुरुवात जुळवा, नाहीतर सरळ प्रॉडक्ट कोड (त्या सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक) लिहा. ऑफिसच्या पीसींवर जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट आणि त्यांचा कीबोर्ड प्रोग्रॅम असेल तर त्यालाही हात लावू नका. ते गेले की वीस वर्षांची पत्रं आणि प्रश्नपत्रिका उघडतील, पण वाचता येणार नाहीत.

काढण्याबद्दल. एमएसआयवाल्यांना एमएसआयएक्झेक, स्लॅश एक्स, महिरपी कंसात प्रॉडक्ट कोड, स्लॅश क्यूएन, स्लॅश नोरीस्टार्ट. ईएक्सई असेल तर प्रत्येकाचा गुपचूप काढायचा स्विच वेगळा. इनो सेटअप आणि एनएसआयएस ही इन्स्टॉलर बनवायची साधनं: इनोला व्हेरीसायलेंट, एनएसआयएसला स्लॅश आणि कॅपिटल एस, स्मॉल चालत नाही. एनएसआयएसची एक खोड आहे. तो स्वतःची प्रत टेम्पमध्ये टाकून मूळ प्रोसेस लगेच संपवतो, त्यामुळे स्क्रिप्टला वाटतं काम झालं आणि मागे ते चालूच असतं. स्विच चुकला तर ‘नक्की काढायचं का?’ ही खिडकी न दिसणाऱ्या सेशनमध्ये उघडते आणि तिच्यावर कोणी क्लिक करू शकत नाही. म्हणून प्रत्येक स्विच आधी एका पीसीवर हाताने तपासा.

ट्रायल अँटिव्हायरस यात धरू नका. तो स्वतःचं संरक्षण करतो. बनवणाऱ्याचं काढायचं टूल वेगळं मिळतं, ते वापरा आणि नंतर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू झालाय का ते बघा. दोन्ही नसलेला पीसी पेनड्राइव्हने भरलेल्या लॅबमध्ये एक दिवसही नको.

आता गेम परत का येतात ते. विंडोज १०मध्ये ही ॲप दोन ठिकाणी असतात. एक प्रत तुमच्या खात्यात, ती तुम्ही काढलीत. दुसरी विंडोजच्या आत राखून ठेवलेली, तिला प्रोव्हिजन्ड म्हणतात. नवीन माणसाने पहिल्यांदा लॉगिन केलं की त्या प्रतीतून त्याच्या खात्यात ॲप बसतं. म्हणून दोन्ही लागतात: रिमूव्ह-ॲपएक्सपॅकेजला ऑलयूझर्स जोडून, आणि रिमूव्ह-ॲपएक्सप्रोव्हिजन्डपॅकेजला ऑनलाइन जोडून. सॉलिटेअर आणि एक्सबॉक्स याने जातील. कँडी क्रश जाणार नाही, कारण तो राखलेला नसतो, नवीन खातं दिसलं की इंटरनेटवरून उतरतो. त्याला थांबवणारी ग्रुप पॉलिसी आहे, पण १६०७ आवृत्तीपासून ती फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशनवर चालते, तुमच्या प्रोवर नाही. प्रोवर डिफॉल्ट यूझरची एनटीयूझर-डॅट फाइल रजिस्ट्रीत लोड करा, कंटेंट-डिलिव्हरी-मॅनेजरखाली सायलेंट-इन्स्टॉल्ड-ॲप्स-एनेबल्ड शून्य करा आणि फाइल परत अनलोड करा. पुढचं प्रत्येक नवीन खातं हीच सेटिंग घेऊन जन्माला येतं.

स्टोअर, कॅल्क्युलेटर, व्हीसीलिब्ज आणि डॉटनेट नेटिव्ह (हे दोन इतर ॲपना लागणारे भाग) यांना हात नको. स्टोअर एकदा काढलं की परत आणणं फार जिकिरीचं होतं.

लॅब_सोलापूर:

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून लॅबच्या रजिस्टरमध्ये लावला. यादी काढली. लॅब दोनमध्ये २४ पैकी १९ पीसींवर टर्बो सी डॉसबॉक्समध्येच आहे, आणि माझ्या कच्च्या यादीत डॉसबॉक्स ‘काढायचे’मध्ये होता.

दोन अडचणी. फ्लॅश काढायची स्क्रिप्ट सर्व्हरच्या शेअर फोल्डरमधून फाइल उचलते. माझ्या पीसीवर चालते, इन्व्होक-कमांडने दुसऱ्या पीसीवर पाठवली की ‘ॲक्सेस डिनाइड’. आणि प्राचार्यांनी सांगितलंय की एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बंद करा. करू का?

शाळा_फोंडा:

ॲक्सेस डिनाइडचं कारण: तुमची ओळख पहिल्या पीसीपर्यंत जाते, तिथून पुढे तिसऱ्या मशीनपर्यंत जात नाही. फाइल आधी प्रत्येक पीसीवर कॉपी करा, मग चालवा. किंवा ग्रुप पॉलिसीत स्टार्टअप स्क्रिप्ट लावा. ती सिस्टिम खात्याने चालते आणि नेटवर्कवर पीसीच्या स्वतःच्या नावाने जाते, म्हणून शेअरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना वाचायची परवानगी द्या. ग्रुप पॉलिसी अशा स्क्रिप्टसाठी मुळात ६०० सेकंद थांबते, त्यामुळे सगळं एकाच स्क्रिप्टमध्ये कोंबू नका.

आमच्या शाळेत आठ दिवस यातच गेले होते: मुलं पीसी शटडाउन करायची, सकाळी चालू करायची, तरी स्क्रिप्ट चालायची नाही. फास्ट स्टार्टअप चालू होता. त्यात शटडाउन पूर्ण होतच नाही. रीस्टार्ट केल्यावर लगेच चाललं. आणि कुठल्या लॅबमध्ये डीप फ्रीझ (दर रीबूटला पीसी मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर) असेल तर आधी तो वितळवा, नाहीतर पुढच्या रीबूटला काढलेलं सगळं परत येईल.

शाखा_ते_शाखा:

फोंड्याच्या मित्रांनी नेमकं सांगितलं.

फ्लॅशबद्दल एवढंच: विंडोजमध्ये आतून आलेला फ्लॅश केबी४५७७५८६ या अपडेटने जातो. २०२१च्या जुलैपासून तो महिन्याच्या एकत्रित अपडेटमध्येच आहे. म्हणजे तुमचे पीसी अपडेटेड असतील तर आता दिसतोय तो कोणीतरी वेगळा आणून बसवलेला फ्लॅश, त्याला ॲडोबीचाच अनइन्स्टॉलर लागेल. ३१ डिसेंबर २०२०ला त्याचा आधार संपला, त्याची वाट बघणारं आता कोणी नाही. बिनधास्त काढा.

एसएमबी १ बंद करायलाच हवा. १२ मे २०१७ला वॉनाक्राय (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरला तो याच दारातून, आणि त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांच्या फायली गेल्या. पण लगेच बंद करू नका, आधी कान लावा. सर्व्हरवर सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशनमध्ये ऑडिट-एसएमबी१-ॲक्सेस ट्रू करा आणि एक आठवडा एसएमबीसर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० क्रमांकाच्या नोंदी बघा. कोण अजून जुन्या भाषेत बोलतंय त्याचा पत्ता तिथे मिळतो. बहुतेक वेळा तो ऑफिसातला जुना स्कॅनर असतो, जो स्कॅन केलेली फाइल शेअर फोल्डरमध्ये टाकतो. प्रवेशाच्या दिवसांत तो बंद पडला तर दाखले अडकतील आणि खिडकीवर पालक उभे राहतील.

आणि प्रत्येक पीसीचा एक्झिट कोड (काम संपताना मिळणारा निकालाचा आकडा) लिहून घ्या. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट हवा. १६०५ म्हणजे ते तिथे नव्हतंच. १६१८ म्हणजे दुसरं काही इन्स्टॉल चालू होतं, नंतर पुन्हा पाठवा. ‘स्क्रिप्ट चालली’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

लॅब_सोलापूर:

उशिरा लिहितोय, पण लिहिणं माझं कर्तव्य आहे.

आधी लॅब तीनमधल्या एका पीसीवर, मग तीन पीसींवर दोन दिवस, मग शनिवारी दुपारी सगळ्यांवर. ७२पैकी ६४ पीसी ०, पाच ३०१०, एक १६१८. दोन पीसींनी उत्तरच दिलं नाही. एकाची नेटवर्क केबल निघालेली होती, दुसऱ्यावर चुकीची तारीख होती, त्यामुळे डोमेन त्याला ओळखत नव्हतं. १६१८वाल्यावर विंडोज अपडेट चालू होतं, सोमवारी ०. चालवायला एकूण ५० मिनिटं लागली. त्याआधी यादी करणं, विचारणं आणि तपासणं यात नऊ दिवस गेले.

३०००च्या नोंदीत एकच पत्ता आला, ताई म्हणाल्या तसा ऑफिसातला स्कॅनर. त्याच्या मेनूत ईमेलने पाठवायची सोय निघाली, ती लावून दिली, क्लार्कबाईंकडून चार दिवस वापरून घेतली आणि मग एसएमबी १ काढला.

परीक्षा विभागाच्या एका पीसीवर जुना जावा ठेवलाय. डिजिटल सहीच्या टोकनचा त्यांचा प्रोग्रॅम नव्यावर उघडत नाही. तो पीसी इंटरनेटपासून वेगळा केला आणि रजिस्टरमध्ये कारण, तारीख आणि माझी सही टाकली.

काल प्रथम वर्षाच्या एका मुलीने लॅब एकमध्ये पहिल्यांदा लॉगिन केलं तेव्हा मी मागे उभा होतो. स्टार्ट मेनू उघडला. एकही गेम नव्हता.